एक्सएमएलचा टॅग पाहून ऑन्टॉलॉजीचा क्लास ठरवू नका राजेहो, भांडणारे भाऊबंद एक होऊन बसतात

धुऱ्यावरचा
यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, कापूस-तूर-सोयाबीन, नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ. इथं शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी आहे, तिच्या वजनकाट्याचा डेटा मी सांभाळतो. काट्याचं सॉफ्टवेअर रोज संध्याकाळी एक एक्सएमएल फाईल काढते (त्यात प्रत्येक माहितीला नावाची खूण असते, तोच टॅग), एका पावतीत शेतकरी, गाडी नंबर, माल, भरल्या गाडीचं वजन, खाली (रिकाम्या) गाडीचं वजन, ओलावा, बस. हे सगळं तयार ऑन्टॉलॉजीत इन्स्टन्स म्हणून भरायचं होतं. ऑन्टॉलॉजी म्हणजे कोणत्या प्रकारच्या गोष्टी असतात न् त्यांचं नातं काय याचा यंत्राला कळणारा आराखडा, त्यातला प्रकार म्हणजे क्लास, त्या प्रकारची एकेक खरी गोष्ट म्हणजे इन्स्टन्स. मोजणीसाठी डब्ल्यूथ्रीसीची (वेबची मानकं ठरवणारी संस्था) २०१७ ची सोसा, पिकांसाठी एफएओचं (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) ॲग्रोवॉक आणि खरेदी-विक्रीसाठी वरून आलेली एक ऑन्टॉलॉजी, तिला हात लावायचा नाही असा दम मिळालेला.

मी एक्सएसएलटी (एक्सएमएलला दुसऱ्या रूपात बदलायचे नियम) लिहिली. टॅग दिसला की त्याच नावाचा क्लास शोधायचा न् इन्स्टन्स बनवायचा. पहिल्यांदा फाईल कोरीच निघाली, अर्धा दिवस गेला, मग दिसलं की फाईलीत वर डिफॉल्ट नेमस्पेस (टॅगांचं आडनाव म्हणा) लावलाय आणि टॅग शोधणाऱ्या माझ्या एक्सपाथला त्याचा प्रीफिक्स नाही. ते सोडा, ते सगळ्यांचंच होते.

खरी गंमत पुढं. पावती नंबर दर हंगामात १ पासून सुरू होते आणि मी यूआरआय (नोंदीची एकमेव ओळख) त्या नंबरवरून बनवला. म्हणजे मागच्या सालची २१४ आणि यंदाची २१४ एकच पावती झाली, तिला विक्रेते दोन. त्या ऑन्टॉलॉजीत विक्रेता ही प्रॉपर्टी फंक्शनल, एका पावतीला एकच. मला वाटलं रीझनर (नियमांवरून निष्कर्ष काढणारं सॉफ्टवेअर) ओरडेल. कायचा ओरडते! ओडब्ल्यूएलमध्ये (ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा) दोन नावं म्हणजे दोन माणसं असं धरतच नाहीत, त्यानं शांतपणे निकाल दिला की हे दोघं एकच माणूस. आता हे दोघं चुलतभाऊ, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) तहसीलपर्यंत गेलेले, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत, आणि स्क्रीनवर एकाच्या नावावर दुसऱ्याचा ३८ क्विंटल कापूस.

माझं मत असं की टॅगवरून क्लास जुळवून देणारी ऑटोमॅटिक टूलं बाजूला ठेवा. ही नोंद नेमकी कशाची, हे एकेका टॅगला विचारून मॅपिंग हातानं लिहा. दुसरा रस्ता नाही.

काटेवाले काका
भाऊ, २० वर्षं काट्यावर बसलो, एवढा तमाशा नाही पायला. पावतीच्या नंबराले साल लाव अन् मोकळा हो. एक्सेलमंदी टाकलं असतं तं ते भाऊबंद एक झाले असते का? नाही ना? मंग कायले पायजे हे ऑन्टॉलॉजी?

टाकीखालचा कोडर
काकांशी निम्मा सहमत. तुझी चूक चावीची (नोंद ओळखायच्या खुणेची) आहे, तिचं खापर टूलांवर कायले फोडतो? हातानं मॅपिंग लिहिलं असतं तरी यूआरआय पावती नंबरवरूनच केला असता तर हेच झालं असतं. हंगाम + काटा + नंबर अशी चावी कर, प्रश्न संपला.

आणि हातानं थेट क्लासात टाकणं मला पटत नाही. मी दोन पायऱ्या करतो. आधी एक्सएमएल जसंच्या तसं आरडीएफमध्ये (माहिती नोड न् त्यांच्या जोडण्या म्हणून मांडायची पद्धत) उचलायचं, एक एलिमेंट एक नोड, अर्थ काही लावायचा नाही, मग स्पार्कलच्या (आरडीएफला प्रश्न विचारायची भाषा) कन्स्ट्रक्ट क्वेरीनं तयार ऑन्टॉलॉजीत बसवायचं. काट्याचं सॉफ्टवेअर अपडेट झालं न् टॅग बदलले की तुझी अख्खी एक्सएसएलटी फाटते, माझी एखादी क्वेरी बदलावी लागते, आणि कच्चा माल हातात राहतो तो वेगळाच.

धुऱ्यावरचा
चावीचं मान्य, पाया चुकला होता. पण तुझी पहिली पायरी म्हणजे खळ्यावर सगळं कुटारासकट ओतणं. नंतर कोणीतरी घाईत तुझ्या कच्च्या 'माल' नोडाला सरळ पिकाशी जोडते आणि झालं. आमच्या फाईलमध्ये माल या टॅगात 'कापूस' येतो. ॲग्रोवॉकमध्ये गॉसिपियम म्हणजे झाड वेगळं, कापूस वेगळा. आमच्या काट्यावर येतो तो सरकीसकटचा कापूस, जिनिंगमधून निघाला की त्याचीच रुई आणि सरकी होते. रुईचा भाव खंडीवर, खंडी ३५६ किलोची, कापसाचा क्विंटलवर. जिनिंगवाल्याच्या फाईलीत रुईलाही 'कापूस'च लिहितात. कन्स्ट्रक्ट कुठून ओळखणार कोणता कापूस?

टाकीखालचा कोडर
तुझी एक्सएसएलटी कुठून ओळखणार मग? फाईल कुठून आली ते पाहून नियम लावावा लागेल, तो मीही लावू शकतो. यात हाताचं न् यंत्राचं काही नाही.

पुस्तकाची पेटी
मी तालुक्याच्या वाचनालयात कॅटलॉगिंग करते, त्यामुळे राहवलं नाही. दादा, ॲग्रोवॉकमध्ये इन्स्टन्स 'भरायचे' नसतातच. ती शब्दावली आहे, स्कॉस या शब्दावल्या मांडायच्या मानकात मांडलेली. तिच्यातला 'कापूस' हा क्लास नाही, तो स्वतःच स्कॉसच्या कन्सेप्ट या क्लासचा इन्स्टन्स आहे. तुमच्या ढिगाला तो टाइप (क्लास) म्हणून लावला तर तुम्ही असं म्हणताय की गाडीतला कापूस हा एका विषय-शीर्षकाचा नमुना आहे! एका प्रॉपर्टीनं ढिगाकडून त्या कन्सेप्टकडे बोट दाखवायचं, बस. तयार तिन्ही गोष्टींना तुम्ही सरसकट ऑन्टॉलॉजी म्हटलंत, घोळ तिथूनच सुरू झाला असं मला वाटतं. आणि तारखा पाहिल्या का? ०५/११/२०२३ असं लिहून त्याला एक्सएसडीची (एक्सएमएलमधले डेटाचे प्रकार ठरवणारं मानक) डेट म्हटलं तर चालत नाही, साल आधी यावं लागतं.

धुऱ्यावरचा
ताई, तारखा पाहिल्या होत्या, टाइपचं खरंच मनात आलं नव्हतं. बदलतो.

अजून एक सांगतो, ओलाव्याचा टॅग बऱ्याच पावत्यांत रिकामा आहे. मी तिथं ० भरला. ऑन्टॉलॉजीत 'किमान एक ओलावा' अशी अट आहे, म्हटलं नाहीतर ती मोडेल.

पुस्तकाची पेटी
मोडली नसती. ओडब्ल्यूएल रिकाम्या जागेला 'माहीत नाही, कुठंतरी असेल' असं समजतं. नोंद नाही म्हणून बोंब मारायला शॅकल (डेटा तपासायचे नियम लिहायची भाषा) लागतं, तेही २०१७ चंच. रिकामं ते रिकामं ठेवा.

काटेवाले काका
शून्य ओलावा?? अरे सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ ते १२ टक्के पायते, शून्य ओलाव्याचा कापूस म्हंजे राख झाला लेका! मीटरची बॅटरी उतरली होती त्या हप्त्यात, म्हणून रिकामं हाय ते.

टाकीखालचा कोडर
😂 काकांनाच शॅकल करा.

धुऱ्यावरचा
काका, तुम्ही आलाच आहात तर विचारतो. भरल्या गाडीचं वजन न् खाली गाडीचं वजन, मी दोन्हीच्या सोसाच्या दोन वेगळ्या ऑब्झर्व्हेशन (मोजणीच्या नोंदी) केल्या, दोन्हीला पावतीचाच दिवस लावला. बरोबर ना?

काटेवाले काका
भरलीचं बरोबर. खाली गाडी दर डाव कोण आणते काट्यावर? रोजच्या गाड्यायचं खाली वजन पाठ राह्यते, मशीनमंदी एकडाव टाकलेलं, तेच छापून येते. काही गाड्यायचं तं तीन साल जुनं हाय. मंधात त्यायनं टप बदलला, फाळके वाढोले, कोणी नव्यानं मोजलं नाही.

टाकीखालचा कोडर
म्हणजे त्या दिवशी मोजणी झालीच नाही आणि आपल्याकडं तिची तारखेसकट ऑब्झर्व्हेशन आहे. धुऱ्या, हे तुझ्या हाताच्या मॅपिंगला दिसलं होतं का?

धुऱ्यावरचा
नाही. तुझ्या दोन पायऱ्यांनाही नसतं दिसलं. काका, उद्या सकाळी काट्यावर येतो, कोणत्या गाडीचं खाली वजन कधीचं ते लिहून घ्यायचं आहे.

काटेवाले काका
१० च्या आत ये. मंग गाड्यायची लाईन लागते.