वेस्ली आणि व्हिटफील्ड यांचं नेमकं कशावरून बिनसलं?

प्रश्न
सध्या जॉन वेस्लीची रोजनिशी वाचतेय; अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला मेथडिस्ट चळवळीचा हा धर्मोपदेशक. १७३९ मध्ये त्याच चळवळीतल्या जॉर्ज व्हिटफील्ड या उपदेशकानंच त्याला ब्रिस्टलला बोलावून घेतलं आणि उघड्यावर उपदेश करायला लावलं. दोघे ऑक्सफर्डपासूनचे सोबती. मग दोन वर्षांत एकमेकांविरुद्ध छापील मजकूर? फक्त ‘पूर्वनियोजन’, म्हणजे कोण तरणार हे देवानं आधीच ठरवलंय, या एका शब्दावरून? पुढे समेट झाला का?

उत्तर १
शब्द एक असला तरी त्यामागे माणसं उभी होती. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडचे खाणकामगार डोळ्यांसमोर आणा. व्हिटफील्डच्या उपदेशानं त्यांच्या कोळशानं माखलेल्या गालांवरून आसवांचे पांढरे ओघळ उतरत. त्याला ते तसेच आठवत. आता या माणसाला सांगायचं काय? व्हिटफील्ड म्हणे, देवानं ज्यांना निवडलंय तेच तरणार; ते कोण, हे मला ठाऊक नाही, म्हणून हाक सगळ्यांनाच. वेस्लीला हे सोसवेना. ख्रिस्त सर्वांसाठी मेला, हा त्याचा आग्रह. माणूस देवाकडे वळण्याआधीच कृपा त्याच्यापाशी पोचलेली असते, होकार द्यायचं बळ ती देते, पण बळजबरी करत नाही. हा उपदेश त्यानं १७३९ मध्येच छापला. व्हिटफील्डच्या जाहीर उत्तरावर तारीख आहे २४ डिसेंबर १७४०.

मी वेस्लीच्या बाजूचा आहे. तरी त्या उपदेशात त्यानं समोरच्याचं मत फार कठोर करून मांडलंय, हे वाचताना प्रत्येक वेळी खटकतं.

उत्तर २
दुसरा कळीचा मुद्दा पूर्णतेचा. देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती याच आयुष्यात मन पुरतं व्यापू शकते, असं वेस्ली मानी. व्हिटफील्डच्या मते पाप मरेपर्यंत सुटत नाही. आणि वेस्ली नुसतं शिकवून थांबला नाही. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायला सभासदांकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं. बारा-बारा जणांमागे एक पुढारी. तो पेनीसाठी घरोघर जाऊ लागला, तसं कोण कसं जगतंय हे कळू लागलं. त्यातूनच आत्मिक विचारपूस करणारे ‘क्लास’ नावाचे छोटे गट उभे राहिले. मेथडिस्ट चळवळ टिकली ती यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्नकर्ती
पेनीची गोष्ट माहीतच नव्हती! पण समेटाचं काय?

उत्तर १
मैत्री बरीचशी सांधली, मतं मात्र जिथल्या तिथे राहिली. व्हिटफील्ड ३० सप्टेंबर १७७० रोजी अमेरिकेत न्यूबरीपोर्टला वारला. त्याच्या स्मरणार्थ लंडनमधल्या त्याच्याच प्रार्थनास्थळात वेस्लीनं उपदेश द्यावा, ही व्हिटफील्डची स्वतःची इच्छा होती. १८ नोव्हेंबरला वेस्ली उभा राहिला. बायबलमधलं गणना २३:१० हे वचन घेतलं आणि नवा जन्म व विश्वासानं नीतिमान ठरणं, या दोघांना मान्य असलेल्या शिकवणींवर बोलला. देवाच्या निवडीचा विषय त्यानं काढलाच नाही. त्यावरून ही निवड मानणाऱ्या कॅल्व्हिनपंथीयांनी त्याला नंतर धारेवर धरलं.