मदत हवी आहे: शकीराची स्पॅनिश आणि इंग्रजी गाणी शेजारी ठेवून ऐकायची आहेत

नमस्कार मंडळी. माझी मुलगी स्पॅनिश शिकतेय. तिच्या वर्गात शकीरावर वीस मिनिटं बोलायचंय आणि तयारीत मीच जास्त गुंतलेय!

आपल्याकडे बहुतेकांना ही गायिका फुटबॉल विश्वचषकाच्या 'वाका वाका' गाण्यामुळे, म्हणजे २०१० पासून माहीत. पण कोलंबियातल्या बारांकियाच्या या मुलीचा पहिला अल्बम १९९१ चा, तेव्हा ती जेमतेम चौदाची. १९९८ च्या अल्बमचं नाव आहे 'चोर कुठे आहेत?' विमानतळावर तिची नव्या गाण्यांच्या शब्दांची बॅगच चोरीला गेली, त्यावरून. मुखपृष्ठावर तिचे काळे, मळलेले तळहात आपल्यासमोर धरलेले आहेत. ते चित्र बघून मी बराच वेळ थांबले.

मग २००१ मध्ये इंग्रजी अल्बम आला. त्यासाठी ती इंग्रजी शिकली आणि स्वतः त्या भाषेत लिहू लागली. मला हे फार मोठं वाटतं. नाव झाल्यावर परक्या भाषेत पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसायचं!

आता अडलंय ते इथे. त्या इंग्रजी अल्बममधल्या 'व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर' गाण्याचं स्पॅनिश रूप 'सुएर्ते', म्हणजे नशीब. चाल तीच, तीच दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतली बासरी. पण शब्द? स्पॅनिश जाणणाऱ्या कुणी दोन्ही नीट ऐकलीत का? अर्थ कुठे बदलतो, कुठली ओळ स्पॅनिशमध्येच खुलते, एवढं सांगाल? तिच्या 'ओहोस आसी' या स्पॅनिश गाण्यातल्या अरबी ओळींचा अर्थही हवाय. वडिलांकडून शकीरा लेबनीज वंशाची, म्हणून तो भाग मुलीला घ्यायचाच आहे.