‘नव्वद ग्रेन’ की ‘नव्वद दाणे’? ठासणीच्या बंदुकीचे शब्द

तळटीप : ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, रायफलीत कोणती गोळी घालावी आणि दारू किती भरावी, या विषयावरच्या पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. मी ‘90 ग्रेन दारू’ लिहिलं होतं (ग्रेन हे वजनाचं छोटं इंग्रजी एकक), तपासणाऱ्यांनी ते ‘90 दाणे’ केलं. मला हे धोक्याचं वाटतं. लगेच पुढच्या परिच्छेदात खऱ्याखुऱ्या दाण्याचा विषय येतो. दारूच्या डब्यावर दाण्याची जात ‘एफ’ अक्षरांनी दाखवतात. दोन एफची दारू जाड दाण्याची, ती .50 (इंच व्यासाच्या) आणि त्याहून मोठ्या नळीला. तीन एफची बारीक, लहान नळीला. चार एफची त्याहूनही बारीक, ती चकमकीच्या बंदुकीत फक्त रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, म्हणून. दाणा बारीक झाला की दारू झपाट्याने जळते, नळीतला दाब वाढतो. वाचकाने वजन आणि दाणा यांची गल्लत केली तर? पण नुसत्या ‘ग्रेन’ने त्याला काही अंदाज येत नाही, हेही खरं. काय करावं?

कोशवाळवी : गुंज! 180 ग्रेनचा एक तोळा आणि तोळ्याच्या गुंजा 96. म्हणजे 90 ग्रेन बरोबर 48 गुंजा, सहा मासे, अर्धा तोळा. इतका चोख हिशेब जमत असताना परका शब्द कशाला?

रानवाट : हिशेब सुरेख आहे, पण दारूच्या मापावर खुणा ग्रेनच्या असतात. शिवाय इथला ग्रेन वजनाचा नाहीच. माप काळ्या दारूच्या वजनावरून आखलेलं असतं आणि पायरोडेक्ससारखी पर्यायी दारूही त्याच खुणेपर्यंत भरतात. ती हलकी असते, काट्यावर 90 भरतच नाही. कोणी तोलून 90 घेतली तर नळीत जास्त दारू जाईल. ‘मापणे’ आणि ‘तोलणे’ हा भेद मराठीत आयता आहे, तो वापरा.

तळटीप : हे फार मोलाचं सांगितलंत. मी तीन ठिकाणी नुसतं ‘मोजून’ लिहिलंय, आजच बदलते.

ओसरी : ‘ठासणीची बंदूक’ ठीक, पण ठासणी म्हणजे नेमकं काय? आमचे आजोबा दांड्याला ‘गज’ म्हणत आणि ठासण्याच्या क्रियेला ‘ठासणी’. मी हे एकदा लिहिलं, तर ठासणी म्हणजे दांडाच असं मला ठणकावून सांगण्यात आलं. बातम्यांत तर सरळ ‘भरमार’ येतं.

कोशवाळवी : भरमार हिंदी. आणि ‘दारू’ही नको, वाचक भलतीकडे जातो. ‘अग्निचूर्ण’ लिहा.

रानवाट : दारू म्हणजे मुळात औषध, फारसीतलं. ‘दवादारू’त ते अजून जिवंत आहे. ‘अग्निचूर्ण’ला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. त्यात काळी दारूही मावते आणि आधुनिक काडतुसातली बिनधुराचीही. काळ्या दारूसाठी घडवलेल्या बंदुकीत बिनधुराची भरली तर नळी फुटते, माणूस जातो. पुस्तिकेत प्रत्येक वेळी ‘काळी दारू’ असंच यायला हवं.

कोशवाळवी : मग ‘कृष्णचूर्ण’ म्हणा. शब्द वापरलेच नाहीत तर रुळणार कसे?

ओसरी : शुद्ध शब्दच हवा तर आधी ‘बंदूक’ सोडावी लागेल. अरबीत ‘बुंदुक’ हे एका कवचाच्या फळाचं नाव. त्यावरून गोळीला तेच नाव पडलं, मग हत्याराला.

तळटीप : गोळीवरच माझं पुढचं पान अडलंय. चिंधीत धरून बसवायची गोल गोळी वेगळी, लांबट वेगळी. .50 च्या नळीत गोल गोळी साधारण .490 ची, नळीच्या आतल्या आट्यांचा (नागमोडी खाचांचा) पीळ सावकाश, 48 किंवा 66 इंचांत एक फेरा. लांबट गोळीला घट्ट पीळ, 28 इंचांत एक. मिनीए या फ्रेंच अधिकाऱ्याची 1849 ची गोळी लांबटच, तिच्या बुडाला पोकळी. बार उडाला की बूड फुगून आट्यांत बसतं. या सगळ्यांना ‘गोळी’च म्हणायचं? आणि तपासणाऱ्यांना दाण्याबद्दल काय कळवू?

रानवाट : ‘गोल गोळी’, ‘लांबट गोळी’. पुरे.

कोशवाळवी : ‘शंकुगोळी’ अधिक नेमका.

ओसरी : गजाचं राहिलंच. गोळी दारूला टेकली की नाही हे कळावं म्हणून त्या दांड्यावर खूण करतात. मध्ये फट राहिली तर नळीला इजा होते. ‘ठासणीवर खूण करा’ असं लिहिलं तर ‘ठासताना’ असाही अर्थ निघेल. कोणाच्या घरी दांड्याला आणखी वेगळा शब्द होता का?