वॉकिंग फुटबॉल आणि पार्किन्सन्स: बाबांना पाठवू का?

पिवळी_छत्री
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६८) पार्किन्सन्स होऊन चारेक वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, थरथर फारशी नाही, पण चालणं खूप हळू झालंय आणि दारातून जाताना किंवा वळताना पाय एकदम खिळतात, मग कितीतरी वेळ नुसते उभे. त्यांच्या सपोर्ट ग्रुपमधल्या काहींनी वॉकिंग फुटबॉल चालू केलंय, म्हणजे अजिबात न धावता चालत खेळायचा फुटबॉल, आणि बाबा कॉलेजच्या टीममधे होते त्यामुळे साहेब एकदम हुरळून गेलेत. आईचा ठाम नकार, "घरात धड दारातून येता येत नाही आणि मैदानात काय दिवे लावणार". पण गंमत अशी की परवा माझ्या लेकाचा बॉल त्यांच्या पायाशी आला तर दोन पावलं पुढे जाऊन मस्त परत मारला की हो, कुठे अडखळणं नाही काही नाही! हे कसं काय? आणि कोणाच्या घरचं कोणी खेळतं का? पडायबिडायची कितपत भीती असते?

टाचदुखी
मी फिजिओ आहे, पार्किन्सन्सचे बरेच पेशंट बघते. ते बॉल मारणं नाटक नाही आणि चमत्कारही नाही हे आधी आईंना सांगा, कारण घरच्यांना हमखास वाटतं की "मनात आलं की बरं जमतं यांना". चालणं आपल्याला विचार न करता जमतं ते मेंदूतल्या ज्या भागामुळे, तिथेच डोपामिन (मेंदूत निरोप पोचवणारं रसायन) कमी पडतं. पण समोर काहीतरी दिसणारं, ऐकू येणारं निमित्त मिळालं की मेंदू वेगळ्या वाटेने तेच काम करून घेतो. म्हणून तर आम्ही जमिनीवर चिकटपट्ट्या मारतो, मेट्रोनोमच्या (एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर चालवतो. बॉल हे तसंच निमित्त. २०१० मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एका ५८ वर्षांच्या गृहस्थांबद्दल लिहिलं होतं, त्यांना चार पावलं धड टाकता येत नव्हती पण सायकल झकास चालवायचे.
आता भीतीचं. बॉल मारताना पडणारे कमीच, पडतात ते बॉल गेल्यावर. जागच्या जागी गर्रकन वळायला गेले, किंवा बॉलकडे बघत उलटं मागे मागे आले, किंवा बॉल पायात असताना कोणाला तरी उत्तर द्यायला गेले. वळायचं ते मोठा गोल घेऊन, मागे जायचं असेल तर आधी पूर्ण वळून मग चालायचं, हे दोन नियम घरीच घोटवून घ्या. आणि जायच्या आधी एकदा तोल तपासून घ्या, शिवाय उभं राहिल्यावर बीपी पडतं का तेही, ते यांच्यात बऱ्याच जणांचं पडतं.

डावा_पाय
मी स्वतः पेशंट आणि स्वतः खेळाडू 😀 हा खेळ पार्किन्सन्ससाठी काढलेला नाही बरं का, २०११ मधे इंग्लंडमधे चेस्टरफील्डला वयस्कर लोकांसाठी चालू झाला. नियम सोपे, एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, धक्काबुक्की नाही, बॉल डोक्याच्या वर उडवायचा नाही. पण आमच्यात एक भलतीच भानगड होते. काहींची पावलं बारीक बारीक होत आपोआप वेग घेतात, माणूस पुढे झुकत जातो आणि थांबताच येत नाही. रेफरी शिट्टी मारतो, धावलात म्हणून फाऊल! अहो तो धावत नाहीये, त्याला ब्रेक लागत नाहीयेत. शेवटी आम्ही ठरवलं की अशा वेळी फाऊल नाही, रेफरीने मोठ्याने "थांब" म्हणायचं, सगळ्यांनी थांबायचं, तो माणूस सरळ उभा राहिला की खेळ पुढे. ग्रुप नवीन असेल तर पहिल्याच दिवशी हे ठरवून घ्या नाहीतर लोक लाजून यायचे बंद होतात.
एकाच्या मेंदूत डीबीएस (मेंदूला विजेचे हलके संकेत देणारं यंत्र) बसवलंय, त्याची बॅटरी छातीत कातडीखाली, म्हणून त्याच्यासाठी छातीवर बॉल घेणं बंद. बाकी आमचा गोलकीपर फ्रीझ होतो तेव्हाच जास्त गोल अडवतो असं आमचं प्रामाणिक मत आहे.

शंकासुर
खेळू द्या, पण याने आजार थांबतो वगैरे कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. २०१८ चा एक अभ्यास सगळे पुढे करतात, त्यात १२८ जणांना घेऊन काहींना ट्रेडमिलवर जास्तीत जास्त हार्ट रेटच्या ८०-८५ टक्क्यांपर्यंत पळवलं आणि सहा महिन्यांनी त्यांची लक्षणं जवळपास होती तिथेच राहिली, व्यायाम न वाढवलेल्यांची बिघडली. पण ते सगळे नवीन पेशंट, औषधं चालू न झालेले, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा घाम गाळणारे. आठवड्यातून एकदा चालत बॉल मारणं म्हणजे ते नव्हे. मजा म्हणून जावं, आणि मजा हे कारण पुरेसं आहे की.

मोगरा७
शंकासुर, पटलं, पण आमच्याकडे फरक पडला तो आवाजात. यांचा आवाज इतका बारीक झालेला की फोनवर लोक "हॅलो हॅलो" करत बसायचे, मैदानात मात्र "इकडे दे" ओरडल्याशिवाय कोणी पासच देत नाही! छत्री, बूट बघून घे. बाबा पाय घासत चालत असतील तर खिळेवाले फुटबॉल शूज नकोतच, फार पकडणारा रबरी सोलही नको, अडकतात आणि माणूस तोंडावर. गवत ओलं असेल त्या दिवशी सरळ सुट्टी. आणि आईंना घरी ठेवू नकोस, सोबत ने, आम्हा बायकांचा कट्टा जमतो तिथे. दमलेला माणूस घरी परतताना जास्त खिळतो, तेव्हा हात द्यायला कोणीतरी लागतंच.

पिवळी_छत्री
किती छान सांगितलंत सगळ्यांनी. आईला वाचून दाखवलं, येतेय म्हणाली पण "फक्त बघायला". एक शंका, बाबांची दुपारची गोळी २ ला असते आणि खेळ ५ ला, तोपर्यंत अंमल उतरलेला असतो. गोळी पुढे ढकलली तर चालेल का?

डावा_पाय
मनाने अजिबात नको, न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय वेळेत हात घालू नका. त्यापेक्षा खेळाची वेळच अलीकडे घ्यायला सांगा. ग्रुपवर विचारून बघा, निम्म्या लोकांची हीच अडचण निघेल आणि कोणी बोलत नसेल.