आजीची गिनी 22 कॅरेटची की कमी? रविवारच्या आत सांगा

नौपाडाकर: रविवारी आम्हा बहिणींत वाटणी आहे. गोखले रोडच्या एका सराफाने गिनी मशीनवर ठेवून 88 टक्के सांगितलं. जांभळी नाक्यावरच्याने कसोटीवर घासून 'बावीसचं आहे' म्हटलं. नाणं म्हणजे 24 कॅरेटच ना? खरं कोण बोलतंय?

कोपरखैरणेकरीण: वजन? साल? छाप काय आहे?

नौपाडाकर: गिनीच आहे हो, सगळ्यांकडे असते तशी. राजा, मागे घोडेस्वार. 1918.

जुनी_नाणी: म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन. ती मुळातच 22 कॅरेटची: हजारात 916.67 भाग सोनं, म्हणजे 91.67 टक्के. निव्वळ सोनं मऊ, हातोहात फिरून झिजतं, म्हणून तांबं घालायचे. वजन 7.988 ग्रॅम, पैकी शुद्ध सोनं 7.32. सराफाकडची 999 ची, म्हणजे 24 कॅरेटची, नाणी वेगळी. सालाच्या वर, जमिनीच्या पट्टीवर बारीक इंग्रजी 'आय' आहे का? असेल तर मुंबईच्या टांकसाळीतली. तिथे ब्रिटिश काळात त्या एकाच साली सॉव्हरिन पाडल्या.

सोनेरी_सकाळ: विकून मोकळ्या व्हा, गोल्ड ईटीएफ घ्या, शेअर बाजारातलं कागदी सोनं. मी तेच केलं.

कोपरखैरणेकरीण: त्यांनी विकू का म्हणून विचारलंच नाहीये.

कळवा_खाडी: सराफांच्या नादी लागू नका. दोऱ्याला बांधून पाण्यात वजन करा. साधारण 0.45 ग्रॅम घटलं तर सोनं बावीसचं.

जुनी_नाणी: काटा 0.01 ने चुकला तरी घनता 17.7 ची 17.3 होते. पितळेचं खोटं नाणं ओळखाल, नेमका कॅरेट नाही.

कळवा_खाडी: माझ्याकडे तीनदा बरोबर आलंय.

नौपाडाकर: भांडू नका, प्लीज. 'आय' आहे! वजन 8.31 भरलं.

जुनी_नाणी: 8.31? झिजून कमी होईल, वाढणार नाही. कडी जोडलीय का?

नौपाडाकर: आहेच की, आजी काळ्या पोतीत ओवायची. त्याने काय होतं?

जुनी_नाणी: हे आधी सांगायचं ना! कडी जोडायला डाक, म्हणजे वितळवलेला मिश्रधातू, दिलेला असतो, त्यात सोनं कमी. मशीन फक्त वरचा थर वाचतं, डाकाजवळ धरलं तर आकडा खाली येणारच. कडीपासून लांब, राजाच्या गालावर आणि घोडेस्वाराच्या बाजूने, दोन्हीकडे टंच, म्हणजे शुद्धता, काढायला सांगा. आणि कृपा करून कडी कापू नका, कड उखडेल.

नौपाडाकर: त्याने कडीकडचीच बाजू धरली होती. उद्या परत जाते.

कळवा_खाडी: गाडी नेऊ नका, गोखले रोडला लावायला जागा नसते.