ग्रुप शोचा विषय 'झळ', आणि सगळ्यांची चित्रं नारिंगी

प्रश्न

आम्ही सात जण, चित्रकला महाविद्यालयातले जुने सोबती. दिवाळीनंतर नागपुरातच ग्रुप शो करतोय. विषय म्हणून एकच शब्द घेतला, झळ. सुचवला मीच, त्यामुळे आता निस्तरायचंही मलाच. परवा सगळ्यांनी कामं आणली तर सातपैकी पाच कॅनव्हास नारिंगी! दोनांत भेगाळलेली जमीन, एकात सूर्याला चक्क डोळे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रणरणते दिवस, भोगलेल्या माणसाला हे दाखवून काय सांगणार, राजेहो?

माझं काम म्हणजे घरच्या कूलरची गवताची ताटी. आमच्याकडे बोअरचं पाणी. उन्हाळाभर ते गवतातून झिरपतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. पाऊस लागल्यावर ताटी काढली तर वरची कड काळपट, खाली खडूसारखे पांढरे पापुद्रे. आणि मधोमध चार बोटं रुंद एक उभा पट्टा, नव्या गवतासारखा पिवळाधमक. वरच्या नळीचं एक भोक बुजलं होतं, तिथे पाणी पोचलंच नाही. बाबा त्या बाजूला झोपायचे आणि रोज म्हणायचे, 'इकडून झळ येते.' आम्ही म्हणायचो, तुम्हाला भास होतो.

शेजारी हे लिहून लावायचं का? सोबती म्हणतात, नाही लिहिलं तर लोक भंगार समजतील.

महालवाला

अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 साली आपल्या नागपुरातच जन्मले. त्यांच्या बहुतेक चित्रांना नावच नाही. पण ग्रुप शोमध्ये दारातच मोठ्या अक्षरांत शब्द लावलेला असतो, प्रेक्षक तो डोक्यात घेऊनच आत येतो. त्यावर आणखी अर्थ सांगू नका. वस्तू काय आहे तेवढं लिहा. बाबांची गोष्ट कोणी विचारलीच तर तोंडी सांगा.

उन्हाळी पाहुणी

मला अडचण शब्दाची वाटत नाही, तुम्ही त्याचा अर्धाच अर्थ घेतलात त्याची वाटते. झळ काय फक्त उन्हाची असते? महागाईची झळ बसते, भावाभावांत वाटणी झाली की सुनांना झळ पोचते. पुढच्या बैठकीत रंग बाजूला ठेवा. प्रत्येकानं 'मला झळ बसली ती...' एवढं वाक्य पुरं करावं. ज्याला येणार नाही त्यानं सरळ दुसऱ्या शोत जावं.

आणि नारिंगी कुठून आला ते कळत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला सीताबर्डीत उभं राहून बघा, डांबरी रस्तासुद्धा पांढरा दिसतो. नारिंगी संध्याकाळी असतो, आणि तेव्हा लोक फुटाळा तलावावर भुट्टा खात असतात.

फ्रेमवाला

कामाचं बोलतो. ताटीवर फिक्सेटिव्ह (चित्र पक्कं करायचा फवारा) मारू नका, पांढरे क्षार ओले होऊन दिसेनासे होतील. आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर बुरशी धरेल. गवत जाळीतून काढूच नका. हलवलं की भुगा पडतो, म्हणून ती लोखंडी जाळी तशीच ठेवून उथळ पेटीत बसवा, समोर अ‍ॅक्रिलिक. वजन फार नाही, पण हॉलमध्ये खिळे ठोकू देतात का ते आधी विचारा. आमच्या एका गिऱ्हाइकाला ऐनवेळी सगळं दोरीनं टांगावं लागलं होतं.

प्रश्नकर्ती

वाक्याचा प्रयोग केला. सूर्याला डोळे काढणारा पंधरा मिनिटं गप्प बसला. मग वडिलांचं दुकान विकलं त्या दिवसाबद्दल दोनच ओळी बोलला आणि कॅनव्हास गुंडाळून घरी घेऊन गेला. बाकीचे चार अजून नारिंगीच आहेत, एकाशी तर भांडण झालं.

मी लिहिलंय, 'कूलरची ताटी, बोअरचं पाणी, मार्च ते जून.' बाबांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं, मग पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. म्हणाले, 'आणि माझी खाट कुठं होती ते नाही लिहिलं काय?'