गच्चीवर रात्री एक वाजता कोण असतं?

४०२ गोखलेकाकू: सुप्रभात. तक्रार करायची नव्हती, पण सलग चौथी रात्र आहे म्हणून लिहिते. रात्री बारा ते दीड आमच्या डोक्यावर गच्चीत कुणीतरी येरझाऱ्या घालतं. मोठ्यानं बोलणंही चालू असतं. ह्यांना बीपी आहे, सगळ्यांना माहीत आहे. संबंधितांनी समजून घ्यावे.

१०२ आजोबा: (फोटो) राजाराम बंधारा, सकाळी ७. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. पंचगंगेचं पाणी अजून खाली आहे. गाड्या हलवायची घाई नको.

२०१ सूरज: काकू भूत असंल 😄 रंकाळ्यावरनं फिरत आलं असंल

४०२ गोखलेकाकू: चेष्टेचा विषय नाही. "सर मी आलो", "सर मी लिहून घेतो" हे मी स्वतः ऐकलं आहे. कॉलेजचा मुलगा आहे. आपल्या बिल्डिंगमध्ये कॉलेजचा मुलगा एकच आहे. नाव घेत नाही.

२०३ शिंदेवैनी: नाव ऱ्हायलं तेवढं तरी कशाला ठेवलासा? आमचा पोरगा दहाला झोपतोय. सकाळी उठून हजेरी लावतोय आणि परत झोपतोय. त्याला गच्चीवर चढायचं कष्ट कोण देतंय!

१०१ मानेकाका: सर्व सभासदांना नम्र विनंती. गच्चीची चावी कामाशिवाय कुणीही नेऊ नये. नेल्यास वहीत सही करावी.

सेक्रेटरी पाटील: शांततेत घ्या. वॉचमनला विचारून सांगतो.

२०१ सूरज: वॉचमन एक वाजता जागा असतोय व्हय?

सेक्रेटरी पाटील: वॉचमनच्या पगारवाढीला कोण नको म्हणालं होतं ते मीटिंगच्या मिनिट्समध्ये आहे. मला बोलायला लावू नका.

२०१ सूरज: हा मेसेज डिलीट केला आहे.

२०२ कुलकर्णी: काय होतं?

३०३ ऋतुजा: गोखलेकाकू सॉरी. तो मी हाय.

४०२ गोखलेकाकू: तू? पण "मी आलो" म्हणत होतं कुणीतरी.

३०३ ऋतुजा: मीच म्हणालो. आम्ही असंच बोलतो काकू. आई पण "मी आलो" म्हणती, आज्जी पण.

२०१ सूरज: 😂😂😂 काकू पुण्यासनं कोल्हापुरात येऊन तीन वर्षं झाली की, हितं बायका पण असंच बोलतात

२०३ शिंदेवैनी: आमच्या पोराची माफी कोण मागणार आता?

१०१ मानेकाका: मुलगा असो वा मुलगी, रात्री एक वाजता गच्चीवर काय काम? मुलीच्या बाबतीत तर पालकांनी जास्तच लक्ष द्यावे. राग नसावा. सर्व सभासदांना नम्र विनंती. गच्चीची चावी कामाशिवाय कुणीही नेऊ नये. नेल्यास वहीत सही करावी.

३०३ जाधववैनी: राग आलाय. मी रोज तिच्यासंगं जिन्यात बसतो मानेभाऊ. तुमच्या मुलीच्या लग्नाची मेंदी त्याच गच्चीवर दोन वाजेपर्यंत चालली होती, तेव्हा वही कुठं होती?

सेक्रेटरी पाटील: विषयाला धरून बोलूया.

३०३ ऋतुजा: मी सांगतो एकदाच, परत कुणी विचारू नका. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, कोरोनामुळं सगळं ऑनलाईन. ॲडमिशन जानेवारीत झाली, आता जुलै चालू हाय. कॉलेजचं आयकार्ड आलंय, कॉलेज अजून बघितलं नाही.
पावणेआठला पहिलं लेक्चर. लिंक येती सात चव्वेचाळीसला. त्यात दहा मिनिटं "आवाज येतोय का" मध्ये जातात. एक सर फुकटातलं झूम वापरतात, चाळीस मिनिटं झाली की सगळे बाहेर, मग परत आत यायचं आणि परत हजेरी. आमच्या घरात रेंजची एकच काडी. धाकटा आठवीत, त्याची शाळा पण त्याच वेळेला, बाबांच्याच हॉटस्पॉटवर. रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपतोय.
वर्कशॉपचं प्रॅक्टिकल असं झालं की सरांनी व्हिडिओत लोखंडाचा तुकडा कानशीनं घासला आणि आम्ही बघितला. जर्नलमध्ये मात्र "मी घासला" असं लिहायचं. ड्रॉइंगची शीट बोर्डावर काढायची, मग वरनं फोटो. घरात सावली पडती, रेघा दिसत नाहीत, म्हणून शीट घेऊन गच्चीवर. असाइनमेंट हातानं लिहायची, वीस पानं, मोबाईलवर स्कॅन, सगळी मिळून दहा एमबीच्या आत. बसली नाही की परत स्कॅन.
जेवल्यावर झोपतो. तासभर. ते पण सांगितलं. संध्याकाळी काही नाही, दळण नाहीतर दूध.
रात्रीचं म्हणाल तर बाराला नवीन दीड जीबी चालू होतोय. बुडालेल्या लेक्चरचं रेकॉर्डिंग तेव्हा बघायला मिळतं, आणि आमच्या चार जणींचा ग्रुप तेव्हाच अभ्यासाला बसतो. त्यातली एक सर सर करून नक्कल करती, तिला मी "सर मी आलो" म्हणतो. फेऱ्या मारतो कारण बसलं की झोप येती.

२०२ कुलकर्णी: बापरे. मग ब्रॉडबँड घ्या ना सरळ. हल्ली किती स्वस्त झालंय.

३०३ जाधववैनी: जानेवारीतच अर्ज दिला होता. पैसे पण भरले होते. वायरवाला येऊन खाली उभा ऱ्हायला आणि कमिटीनं त्याला परत लावला. दिवाळीत रंग झालाय, भिंतीवरनं केबल नको, डक्टमधनं पण नको. सेक्रेटरीसाहेब, ते पण मिनिट्समध्ये असंल की.

२०१ सूरज: खटक्यावर बोट 🔥

सेक्रेटरी पाटील: तो एकट्याचा निर्णय नव्हता. रंगाला प्रत्येकाची वर्गणी लागली आहे. दोन फ्लॅटची अजून बाकी आहे, नाव घेत नाही.

२०३ शिंदेवैनी: ह्या ग्रुपवर नाव न घेता सगळ्यांचीच नावं घेऊन झाली.

१०२ आजोबा: (फोटो) राजाराम बंधारा, सकाळी १०. पाऊस पन्हाळ्याकडं जोरात आहे म्हणतात. २०१९ ला पण "काही होत नाही" म्हणता म्हणता पार्किंगमध्ये पाणी आलं.

४०२ गोखलेकाकू: ऋतुजा, मला केबलचं माहीत नव्हतं गं. तरी रात्री चप्पल काढून फिरत जा.

३०३ ऋतुजा: हो काकू. आता ११ ला तोंडी परीक्षा हाय, वर जातो. दिवसाचं चालतंय ना?

४०२ गोखलेकाकू: चालतं.

१०१ मानेकाका: सर्व सभासदांना नम्र विनंती. गच्चीची चावी कामाशिवाय कुणीही नेऊ नये. नेल्यास वहीत सही करावी. दार उघडेच आढळल्याने वॉचमनकरवी कुलूप लावून घेतले आहे. चावी माझ्याकडे आहे.

सेक्रेटरी पाटील: 👍

३०३ जाधववैनी: मानेभाऊ ऋतुजा वर हाय

३०३ जाधववैनी: मानेभाऊ

३०३ ऋतुजा: कुणीतरी दार उघडा. पाऊस आलाय. तोंडी चालू हाय, माझा नंबर पुढचा

२०१ सूरज: मानेकाकांचा फोन वाजतोय, उचलत नाहीत. वॉचमन म्हणतोय लक्ष्मीपुरीत गेलेत, तांदूळ घ्यायला

२०२ कुलकर्णी: दुसरी चावी असेल ना?

सेक्रेटरी पाटील: दुसरी पार्किंगमधल्या कपाटात होती. कपाट २०१९ च्या पुरात गेलं.

१०२ आजोबा: मी म्हणालो होतो तेव्हा, कपाट वर घ्या.

४०२ गोखलेकाकू: मी वर आले आहे. दाराच्या जाळीतून छत्री दिली. ती स्वतः भिजते आहे आणि छत्री मोबाईलवर धरली आहे. सर विचारतायत मागे आवाज कसला.

२०३ शिंदेवैनी: आमच्या पोराला पाठवतो. हातोडी हाय.

सेक्रेटरी पाटील: कुलूप तोडू नये. नवीन घेतलं आहे.

३०३ जाधववैनी: तुमचं कुलूप आणि तुमचा रंग!

१०१ मानेकाका: रेंज नव्हती. काय झाले? सर्व सभासदांना नम्र विनंती. गच्चीची चावी

४०२ गोखलेकाकू: माने, विनंती वाचली. तांदूळ राहू दे, रिक्षा करा आणि चावी घेऊन या.